मंदिराच्या भिंतीवर बसणारा मनोली

आमच्या घरातली लग्नं मँटीच्या टेकडीवरच्या, आमच्या ख्रिस्ती पंथाच्या मंदिरात लागतात. आत जायला बिशपची, म्हणजे गावातल्या आमच्या धर्मप्रमुखाची, चिठ्ठी लागते, आणि ज्याच्याकडे ती नाही त्यानं बाहेर थांबायचं. आमच्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात चिठ्ठी नसलेला मोठा माणूस एकच होता. माझ्या धाकट्या बहिणीचा, वेल्डाचा नवरा. मनोली.

मंदिराखालच्या दगडी भिंतीवर तो बसायचा. शेजारी थर्मासात कॉफी, जी आम्हाला वर्ज्य, आणि मांडीवर कुणाचं तरी तान्हं बाळ. लग्नाला आत तान्ही पोरं नेता येत नाहीत, मग ती कुणाकडे द्यायची? द्या मनोलीकडे. आज आमच्यात जे टक्कल पडलेले, पोट सुटलेले बाप्ये छाती पुढे काढून फिरतात ना, त्यातले निम्मे तरी मनोलीच्या चांगल्या विजारीवर मुतलेले आहेत. तो त्यांना त्याच्या भाषेत गाणी म्हणायचा. आम्ही बाहेर येईपर्यंत पोरं गाढ झोपलेली असायची आणि त्यांच्या अंगाला कॉफीचा वास यायचा. आमची वहिनी ते हुंगून नाक मुरडायची आणि पुढच्या लग्नाला पुन्हा त्याच्याकडेच पोर द्यायची.

मनोली डोंगरापलीकडचा, प्राइस गावचा. तिथं कोळशाच्या खाणी. त्याचा बाप क्रीट बेटावरून कोळसा खणायला आला आणि पुढे मेंढरं पाळून राहिला. वेल्डा एका उन्हाळ्यात प्राइसला आमच्या आत्याच्या खानावळीत हाताखाली गेली होती. तिथं यांचं जमलं. त्याच्या आईनं त्याच्यासाठी ग्रीक मुली बघायला मध्यस्थ बाई लावली होती, ती तशीच राहिली. हा गडी कोळशाचा ट्रक घेऊन डोंगर ओलांडून आमच्या अंगणात उभा. आमचे वडील घाबरले, म्हणाले, आधी बिशपशी बोला. तर हा विचारतो, "मुलगी बिशपची आहे की तुमची?" वडिलांना ते आवडलं नाही, पण त्यांनी त्याला अंगणातून हाकललंही नाही.

लग्न आमच्या बैठकीच्या खोलीत लागलं, कारण मंदिरात लागणं शक्य नव्हतं. मंदिरात लागतं ते कायमचं. तिथली गाठ मरणापलीकडे जाते, नवराबायको आणि पोरंबाळं पुढच्या जगातही एकत्र राहतात. बैठकीच्या खोलीत लागतं ते मरेपर्यंतचं. बिशपनं ते शब्द म्हटले तेव्हा मी वेल्डाच्या मागे उभी होते. तिची मान थोडीशी खाली गेलेली मी पाहिली. तेवढं एक तिला आयुष्यभर हवं होतं. मनोलीसमोर मंदिरात गुडघे टेकायचे, त्याचा हात हातात घ्यायचा, आणि ते शब्द पुसून दुसरे ऐकायचे.

तिला वाटलं होतं, वर्ष-दोन वर्षांत येईल तो. आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं. आमचा थोरला भाऊ लमार पुढे स्वतः बिशप झाला, त्यानं तर मनोलीला आणणं अंगावरच घेतलं. दरवर्षी नवे तरुण प्रचारक त्याच्याकडे पाठवायचा. मनोली त्यांना पोटभर मेंढीचं मटण घालायचा, त्यांच्या सायकली दुरुस्त करून द्यायचा, आणि ती पोरं चार ग्रीक शिव्या शिकून परत यायची. त्याचं म्हणणं एकच. मला देव आहे, तो प्राइसला आहे, आणि मी त्याला ओळखतो.

दारू नाही, बाईचा नाद नाही, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. वाईट माणूस असता तर वेल्डाला सोपं गेलं असतं.

त्यांना एकच मुलगी झाली. ग्रीक रिवाजानं तिला मनोलीच्या आईचं नाव ठेवलं, कॅलिओपी. आम्ही म्हणायचो कॅली. ती आमच्या पंथात वाढली, त्यानं कधी अडवलं नाही. रविवारी तो तिला आमच्या प्रार्थनाघराच्या दारात सोडायचा आणि गाडीत बसून राहायचा. तिचं लग्न मँटीला ठरलं तेव्हा मी लमारला म्हटलं, आता हा काही स्वतःच्या लेकीच्या लग्नाला भिंतीवर बसणार नाही, बघ. तर बसला. नवा काळा सूट शिवून घेतला, बूट चमकवले, आणि बसला. त्या दिवशी त्याच्याकडे पोर द्यायला कुणाचंच मन होईना, म्हणून त्याचे हात मोकळे होते. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

लग्न लावायच्या खोलीत आमच्याकडे समोरासमोर आरसे असतात. त्यात बघितलं की माणसाच्या मागे माणूस, त्याच्या मागे माणूस, असं न संपणारं दिसतं. बाहेर आल्यावर वेल्डा गाड्या लावतात तिथं माझ्याजवळ आली. "आर्डिस," ती मला म्हणाली, "सगळे जोडीनं दिसत होते गं. मी एकटीच. पार शेवटपर्यंत एकटी." मग तिनं डोळे पुसले आणि मनोलीच्या कोटावरची धूळ झटकायला गेली.

दर जुलैला आमचा अख्खा गोतावळा आमच्या एफ्राइम गावाच्या वरच्या खिंडीत जमतो. तंबू ठोकतात, लोखंडी भांड्यांच्या झाकणांवर निखारे ठेवून बटाटे करतात, मोठ्या पिंपात घरचं गोड पेय फसफसत असतं. लमारची जेवणाआधीची प्रार्थना इतकी लांबते की बटाट्यांवरचं चीज घट्ट होऊन बसतं. मनोली एक अख्खी मेंढी सळईवर लावायचा. लिंबू, रानातला ओवा, मीठ. त्याचा वास खिंडीत पसरला की आमच्या बायकांनी आणलेल्या हिरव्या जेलीकडे कुणी बघायचं नाही. वहिनीनं एकदा ताटली त्याच्या पुढ्यात धरली, तर म्हणाला, "थोरल्या वहिनी, जे आपणहून हलतं ते मी खात नाही."

आणि दोन-तीन वर्षांनी एकदा जुनी ठिकाणं बघायला निघायचं. आमचे पणजोबा-खापरपणजोबा ज्या वाटेनं हातगाड्या ओढत पश्चिमेला आले ती वाट उलटी धरायची, वायोमिंगमधून, नेब्रास्कामधून, थेट मिसिसिपीकाठच्या नॉवूपर्यंत. तिथूनच त्यांना हाकलून लावलं होतं. ही सगळी वारशाची यात्रा व्हायची मनोलीच्या बसमधून. शाळेची जुनी बस त्यानं घेतली होती आणि निळी रंगवली होती. पुढे तो गाडी चालवणार, मागे आम्ही स्तोत्रं म्हणणार. दोन राज्यं गेल्यावर तोही शीळ घालून साथ द्यायचा. लमार माझ्या कानात म्हणायचा, बघ, विरघळतोय. मी म्हणायचे, झोप येऊ नये म्हणून घालतोय तो शीळ.

मी सांगतेय तो त्यातला शेवटचा उन्हाळा. वेल्डाचं हृदय तेव्हा पार थकलं होतं. डॉक्टरनं प्रवास नको सांगितलं, तरी ती नॉवूला जायचंच म्हणाली. का, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. दिवस थोडे उरले होते तिचे. जिथून आपली माणसं निघाली तिथं तरी हा आमच्या वाटेला वळेल, असं तिच्या मनात. मनोलीनं बसमधली मागची दोन बाकं काढून तिच्यासाठी पलंग बसवला आणि खिडकीला पडदा लावला. 

वाटेत ओमाहाजवळ विंटर क्वार्टर्सची दफनभूमी लागते. नॉवूहून हाकललेली, नदी ओलांडून आलेली आमची माणसं पहिल्याच हिवाळ्यात तिथं शेकड्यांनी गेली, जास्त करून लहान मुलं. मनोलीनं दरवेळेप्रमाणे टोपी काढली आणि छातीवर क्रूस काढला. आम्ही काढत नाही. त्याच्यामागे उभी असलेली लमारची नातवंडं तसंच करू लागली, तर लमार खाकरला. मनोली म्हणाला, "राहू दे रे लमार. त्या पोरांना चालतंय." तो कुठल्या पोरांबद्दल बोलत होता, वरच्या की खालच्या, ते लमारनं विचारलं नाही.

नॉवूला आम्ही नदीजवळच्या गवतावर तंबू टाकले. दुसऱ्या दिवशी वेल्डा आणि मनोलीच्या लग्नाचा वाढदिवस होता. सकाळी मनोली तव्यावर सगळ्यांसाठी गोड धिरडी करत होता. वेल्डा खुर्चीत शाल घेऊन बसली होती. तिचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी असा उजळलेला बघत होते. ती म्हणाली, मनोली, मला तुला एक भेट द्यायचीय. 

मग तिनं सांगितलं. मे महिन्यात, अंगात जेमतेम ताकद असताना, ती मँटीला गेली होती. मनोलीच्या वारलेल्या आईच्या वतीनं. आमच्याकडे मेलेल्यांसाठी जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो, म्हणजे जिवंतपणी ज्यांना ही वाट मिळाली नाही त्यांनाही ती मोकळी होते. वेल्डा स्वतः सासूसाठी पाण्यात उतरली होती.

आता हे आम्हाला काय वाटतं ते सांगते. याहून मोठं देणं आमच्यात नाही. जे मेलेलं माणूस स्वतः करू शकत नाही ते तू त्याच्यासाठी केलंस, आणि कुणी आभारही मानायला नाही. लमारच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅलीनं आईचा हात धरला. मलाही भरून आलं. एवढ्या सगळ्यांत एकाच्याही मनात आलं नाही की समोर उभा असलेला माणूस त्या बाईचा मुलगा आहे.

मनोलीनं उलथनं खाली ठेवलं.

"तिला विचारलंस?"

"तिच्यावर जबरदस्ती नाही, मनोली," वेल्डा म्हणाली. "त्या जगात तिला सांगतात. तिची मर्जी असेल तर ती घेईल, नसेल तर नाही."

"तू केलेली भाजीसुद्धा घेत नव्हती ती," मनोली म्हणाला.

लमारला हसू फुटलं आणि मध्येच थांबलं. मनोलीनं एप्रनची गाठ सोडली, ते नीट घडी करून टेबलावर ठेवलं आणि तो गावाकडे चालू लागला. तव्यावरचं धिरडं जळलं.

तो दुपारपर्यंत आला नाही. बाकीची मंडळी ठरल्याप्रमाणे जुनी घरं आणि जळून गेलेल्या जुन्या मंदिराचा उघडा पाया बघायला गेली. लमारही गेला, पण त्याला कुठं लक्ष लागत नव्हतं असं वहिनी नंतर म्हणाली. वेल्डापाशी मी थांबले. ती नदीकडे बघत होती. मग म्हणाली, तीस-बत्तीस वर्षं त्या बाईनं मला तिच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. मी दारात उभी राहायची पातेलं घेऊन.

"आणि तरी तूच उतरलीस तिच्यासाठी," मी म्हटलं.

"तिच्यासाठी कुठलं," वेल्डा म्हणाली. "मला वाटलं, आई आधी आली की हा मागून येईल. आईला सोडून तो कुठं जात नाही. मला दुसरं काही सुचलंच नाही गं."

मी तिची शाल सारखी केली. तिचं आयुष्य संपत आलं होतं आणि तिला पुढचं हवं होतं. आपल्याला सगळ्यांनाच हवं असतं. तिला फक्त ते एका माणसाबरोबर हवं होतं.

मनोली आला तेव्हा मी थोड्या अंतरावर भांडी घासत होते. नॉवूत एक कॅथलिक चर्च आहे, तिथं तो गेला होता. त्याच्या पंथाचं ते नव्हे, पण मेणबत्ती होती, म्हणाला, आणि आईची माफी मागायला तेवढी पुरे. मी उठायला लागले तर म्हणाला, बसा, थोरल्या बाई, कुणीतरी ऐकलेलं बरं. मग वेल्डाच्या खुर्चीसमोर गवतावर बसला.

"मला पाण्यात घालू नकोस, वेल्डा. मेल्यावरही नको. तू नको, लमार नको, कॅली नको."

"मग मी तिथं काय करू?" ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सगळे आपापल्या माणसांबरोबर असतील. मी कुणाकडे जाऊ?"

"माझ्याकडे ये. मला शोध, समोर उभी राहा आणि विचार. तू स्वतः. तुझ्या बापाकडे मी कुणाला पाठवलं होतं का?"

"आणि तू नाही म्हणालास तर?"

"आजवर तुला कशाला नाही म्हटलंय?"

"एकाच गोष्टीला."

"तीच राहिलीय," मनोली म्हणाला. "तिथं विचार."

वेल्डा रडली. सकाळपासून साचलेलं होतं ते. मग तो म्हणाला की मीही तुला काही देतो. प्राइसला त्याच्या आईबापांच्या कबरीच्या दगडावर त्याचं नाव आधीच कोरलेलं होतं, तारीख तेवढी बाकी होती. त्याच्या आईनं मरायच्या आधी समोर बसून कोरून घेतलं होतं. तो म्हणाला, मी तिथं जाणार नाही. एफ्राइमला तुझ्याशेजारी येतो. आमचा पाद्री डोंगर ओलांडून येईल आणि माझ्या पद्धतीनं प्रार्थना म्हणेल, ती तुमच्या लोकांनी म्हणू द्यायची.

आईजवळची जागा सोडणं म्हणजे या माणसासाठी काय होतं, ते मला त्या क्षणी कळलं. वेल्डालाही कळलं असणार.

मग म्हणाली, "तुझी आई मला कच्ची खाईल."

"ते तिनं कधीच सुरू केलंय," मनोली म्हणाला, आणि तिच्या पायातले मोजे वर ओढले, कारण नदीवरून वारा सुटला होता.

त्या वर्षी टर्की पक्ष्यांच्या हंगामात, सगळं गाव टर्की सोलायच्या कारखान्यात राबत असताना, वेल्डा गेली.

मनोली त्यानंतर बरीच वर्षं होता. एफ्राइमच्याच घरात, वेल्डाच्या भांड्यांमध्ये, तिच्या पद्धतीनं करपवलेले बटाटे खात. दर जुलैला खिंडीत मेंढी घेऊन यायचा. दर लग्नाला भिंतीवर बसायचा, आणि आता ज्यांना त्यानं खेळवलं त्यांची पोरं त्याच्या मांडीवर असायची. ग्रीकांच्या ईस्टरला तो लाल रंगवलेली अंडी घेऊन दफनभूमीत जायचा आणि वेल्डाच्या दगडावर फोडायचा. एक तो खायचा, एक तिथंच ठेवायचा. दफनभूमीची देखरेख करणाऱ्यांनी लमारकडे तक्रार केली की कुणीतरी लाल टरफलांचा कचरा करतंय.  पुढच्या वर्षापासून त्या ईस्टरच्या सोमवारी हातात छोटा झाडू घेऊन म्हातारा लमारच तिकडे जाताना मला दिसायचा.

एकदा मी मनोलीला विचारलं, करमतं का रे? तो म्हणाला, "थोरल्या बाई, मला तिचा रविवारचा आवाज ऐकू येत नाही. ती आरशासमोर उभी राहून टोपी घालायची आणि मला हाक मारायची, येतोस का. दर रविवारी. मी येणार नाही हे माहीत असूनसुद्धा विचारायची." मग तो मेंढीवर लिंबू पिळायला लागला.

तो गेला तेव्हा ठरल्याप्रमाणे प्राइसचा पाद्री डोंगर ओलांडून आला. दाढीवाला, काळ्या झग्यातला. त्यानं धूप फिरवला तशी आमची पोरं खोकायला लागली. मग लमार पुढे झाला. आमच्यात कबरीवर घरच्या माणसानं आशीर्वादाची प्रार्थना म्हणायची असते. त्यानं पाद्रीकडे पाहिलं, पाद्रीनं मान हलवली. लमारनं दोनच वाक्यं म्हटली आणि आमेन म्हणून मागे सरला. असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. वहिनीला वाटलं, त्याला भोवळ आली. नंतर हॉलमध्ये आमच्या बायकांनी चीजचे बटाटे वाढले, आणि प्राइसच्या बायकांनी शिजवलेल्या गव्हात साखर, बेदाणे घातलेलं त्यांचं पक्वान्न आणलं. मेलेल्यांच्या नावानं ते खातात. आम्ही दोनदा वाढून घेतलं.

आता खरं अवघड आलं. माणूस जाऊन वर्ष झालं की त्याच्या वतीनं मंदिरातलं काम करता येतं. आधी बाप्तिस्मा, मग गाठ. मनोलीसाठी एक नातू, वेल्डासाठी मी किंवा कॅली, दोघांनी गुडघे टेकले की वेल्डाचं आयुष्यभराचं मागणं पुरं. परवानगी द्यायची ती मुलीनं. वर्ष होतंय न होतंय तोच सगळे कॅलीला विचारायला लागले. प्रेमानंच विचारत होते. बिचारी वेल्डा, किती वर्षं वाट बघतेय, असं म्हणत होते.

कॅली माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात उभी राहिली, बसली नाही.

"मावशी, आईला अजून किती ताटकळत ठेवायचं?"

मी म्हटलं, तुझा बाप काय म्हणाला ते मी ऐकलंय, तेही तुला सांगितलंय.

"आईही म्हणालीच होती की. कुणाकडे जाऊ, म्हणाली होती. तेही तूच सांगितलंस."

"हो. दोघंही खरंच बोलत होते गं."

"मग मी कुणाचं ऐकू?"

याचं उत्तर मला आलं नाही. मी आठवीपर्यंत शिकलेली बाई. टर्की सोलायच्या, पोरं वाढवायची, लोणची घालायची, यात माझा जन्म गेला. पण लमारलाही आलं नाही, आणि तो तर बिशप होता. लमार एवढंच म्हणाला की मनोलीच्या आईची मर्जी काय झाली ते कळलं असतं तर बरं झालं असतं. मग तोही त्या हिवाळ्यात गेला.

पुढच्या जुलैत कॅलीच्या थोरल्याचं लग्न होतं. ती मँटीला गेली ती सगळं ठरवून गेली होती. लग्न झालं, सगळे बाहेर आले, फोटो काढायला उभे राहिले. आम्ही दोघी आत थांबलो, पांढऱ्या कपड्यांत, वेल्डा-मनोलीच्या त्या कामासाठी. आत काम करणारी एक बाई आली, कॅलीकडे हसून पाहिलं, म्हणाली, तयार आहात ना? कॅलीनं माझा हात धरला होता. 

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली.

ती बाई म्हणाली, काही हरकत नाही. आणि आम्ही कपडे बदलून बाहेर आलो.

त्यालाही आता काही उन्हाळे झाले. दरवर्षी खिंडीत जमतो, मेंढी आता कॅलीचा नवरा भाजतो आणि पार कोरडी करून टाकतो. दरवर्षी कुणीतरी हलकेच विषय काढतं, आणि कॅली म्हणते, पुढच्या वर्षी. मला कधी वाटतं, पोरी, करून टाक, माझी बहीण तिथं दारात पातेलं घेऊन उभी असेल. कधी वाटतं, नको, त्यांचं ते बघतील, तिनं त्याला शोधून काढलंही असेल, विचारलंही असेल. रविवारी टोपी घालताना मी थोडी थांबते. का थांबते ते मला माहीत नाही.

मी आता नव्वदीला टेकलेय. गेल्या जुलैत कॅली माझ्या तंबूत पांघरूण घालायला आली, तेव्हा म्हणाली, "मावशी, तू आधी जाऊन बघ ना काय झालं ते."

मी म्हटलं, "बघेन की. पण निरोप कुणाबरोबर पाठवू?"

ती हसली नाही. माझ्या उशाशी बसून राहिली आणि मला झोप लागेपर्यंत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसं वेल्डा तिच्या पाठीवरून फिरवायची.